शेजारच्या भिंतीची ऊब

पौष महिना, सकाळची वेळ. ऊन अजून चौकात उतरले नव्हते. डोंगरमाथ्यावरच्या एका गावात एका दुकानदाराने आपली चूल फोडली.

चूल फोडली, त्यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्याने आधी ते गाव कसे होते ते ऐकावे.

तिथली घरे चौकाभोवती एकमेकांना चिकटून होती. दोन घरांत भिंत एकच. जुन्या माणसांनी प्रत्येकाची चूल अशा भिंतीला लावून बांधली होती, की पलीकडे शेजाऱ्याची निजायची खोली यावी. स्वयंपाक आपल्या घरी व्हायचा आणि भिंत शेजाऱ्याची तापायची. आपली खोली दुसऱ्या बाजूचा शेजारी तापवायचा. धूर नाही, वेगळे सरपण नाही. थंडीत मुले भिंतीला पाठ टेकून बसत.

पलीकडून कोणी विचारी, "काय रे पोरांनो, शेकली का पाठ?"

"शेकली! पण आमटी अजून जरा उकळू द्या, काकू!"

बाळंतिणीची खाट तर त्या भिंतीलगतच पडायची. गावातली सगळी माणसे जन्मल्यावर पहिल्यांदा शेजाऱ्याच्या चुलीवर शेकली होती, दुकानदारसुद्धा.

त्या वर्षी सरपण महागले. दुकानदाराला वाटले, आपली ऊब फुकट जाते. त्याने भिंतीची चूल फोडून घराच्या मधोमध नवी घातली.

पलीकडे शिंप्याचे घर. त्याची सून नुकतीच बाळंत झालेली. शिंपीण धावत आली.

"शेटजी, तान्हं बाळ गारठलंय हो. आमच्या चुलीपाशी ठेवावं तर धुरानं गुदमरतंय. निदान थंडी सरेपर्यंत तुमची चूल जागेवर आणा."

"लाकूड माझं, तर ऊबही माझी."

"आणि दुसऱ्या बाजूच्या मास्तरांच्या चुलीवर तुमची खोली तापते, ती?"

"तो मास्तरांचा भोळेपणा!"

हे मास्तरांच्या कानी गेले. त्यांनीही चूल हलवली. मग त्यांच्या शेजाऱ्याने, मग त्याच्या शेजाऱ्याने. बघता बघता चौकातली एकही भिंत तापेना. दुकानदाराची खोली गारठली, तेव्हा त्याने तिथे दुसरी चूल पेटवली. इतरांनीही तेच केले. सरपण दुप्पट जळू लागले, घरे धुराने भरली आणि माणसे तरीही कुडकुडत राहिली. याला ते गाव काटकसर म्हणत होते!

एका संध्याकाळी बाळ निळे पडू लागले. शिंप्याची सून त्याला गोधडीत गुंडाळून दारोदार फिरली. "आजची रात्र तेवढी बाळाला आत घ्या," म्हणाली. शेवटी शिंप्याने दोघांना बैलगाडीत घातले आणि घाट उतरून तिच्या माहेरी नेले. खालच्या उबदार हवेत बाळ वाचले. सून मात्र पुन्हा त्या गावात आली नाही.

गावाला लाज वाटली ती त्यानंतर. सगळ्यांनी चुली पुन्हा भिंतींना लावल्या. पहिली दुकानदाराने लावली. सरपण निम्म्यावर आले.

तात्पर्य एवढेच: ऊब शेजाऱ्यापर्यंत जाऊ दिली तर थोड्या लाकडात सगळे घर तापते; अडवून धरली तर ढीग जाळूनही थंडी जात नाही.

पण त्या संध्याकाळी चौकातल्या प्रत्येक घरात माणसे जागी होती आणि एकही दार उघडले नाही. का उघडले नाही, हे त्या गावात अजून कोणीही सांगितलेले नाही.