हौदाच्या तोंडावरचं रेशीम

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, ही गोष्ट फार फार जुनी आहे. एका डोंगराळ मुलखात एक सरदार राहत होता. त्याची एकुलती एक लेक मोठ्या तापातून वाचली, पण तिच्या पायांतली ताकद गेली.

वैद्य म्हणाले, "रोज हिला छातीभर पाण्यात चालवा. पाणी अंग तोलून धरतं. हळूहळू पाय परत येतील."

सरदाराने घरामागे दगडी हौद बांधला आणि ओढ्याचं पाणी पाटाने त्यात सोडलं. पण पाण्याबरोबर तांबडी मातीही आली. पाणी गाळायचं कशाने?

"वाळूतून गाळा," माळी म्हणाला.

"माझ्या लेकीचं पाणी पायाखालच्या वाळूतून? देवघरातलं सोवळ्याचं रेशीम आणा!"

पाट हौदात उतरतो त्या तोंडावर रेशीम ताणून बांधलं. पाणी आरशासारखं झालं. आईचा हात धरून मुलगी पाण्यात चार पावलं चालली.

रेशमाला विटाळ नसतो, म्हणून ते धुवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. महिन्याभरात पाण्याची धार करंगळीएवढी झाली. हौद हिरवा पडला. मुलीच्या अंगावर पुरळ उठलं आणि वैद्यांनी पाण्यात उतरणं बंद केलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, माझे पाय पुन्हा चालणं विसरायला लागलेत."



त्याच दिवशी परटीण कपडे न्यायला आली. हौद पाहून ती थबकली. "सरकार, रागावू नका. तुमच्या घरचं सगळं कापड माझ्याकडे येतं. हे एकच कधी आलं नाही."

"ते सोवळं आहे. तुझ्या हाती कसं द्यायचं?"

"नका देऊ. पण ओढ्याला कुठं ठाऊक आहे सोवळं? तो रोज त्याच्यावर माती टाकतोय."

सरदाराने स्वतः रेशीम सोडलं. आत बोटभर जाडीचा, आंबूस वासाचा गाळ होता. त्या गाळाकडे बघत सरदार म्हणाला, "मी चांगल्यातलं चांगलं निवडलं गं, बाई."

"निवडलंत, सरकार. फक्त ते धुणार कोण, हे विचारायचं राहिलं. आम्ही नदीच्या वाळूत झरा खणून पाणी पितो. माळीदादाही वाळूच म्हणाले होते, असं ऐकलं; ते खरंच होतं."

मग हौद उपसून घासला. तोंडाशी खड्डा करून खाली गोटे आणि वर जाड वाळू भरली. गाळ साठला, की पाण्याची हौदाकडची वाट बंद करायची, वाळू घुसळायची आणि वर आलेला गाळ बाजूच्या चरातून सोडून द्यायचा. पाणी रेशमातून गाळल्याइतकं चकाकत नव्हतं, पण धार कधी आटली नाही. पुरळ गेलं आणि मुलगी पुन्हा पाण्यात चालू लागली. वाळू घुसळायचं काम सरदाराने कुणावर सोपवलं नाही.

एका सकाळी तो कोपरापर्यंत हात घालून वाळू घुसळत होता. मागून आवाज आला, "बाबा, सरका ना जरा. वाटेत बसलात."

त्याने वळून पाहिलं. लेक ओल्या पायांनी फरशीवर उभी होती. तिने कुणाचाही हात धरला नव्हता.

तात्पर्य : जे रोज धुता येतं, तेच रोज शुद्ध राहतं.