दिवाणांची वाकडी शीव

खापरवाडीच्या तळ्याचा बांध फुटला, आणि तो बांधून द्यायचा कुणी हेच कुणाला कळेना! वरची आळी निंबाळ परगण्यात, खालची आळी कोरटे परगण्यात, आणि तळं भलत्याच तिसऱ्या परगण्यात. तिन्हीकडच्या सभासदांनी हात झटकले. "आमच्या हद्दीत येत नाही!" पाऊस तोंडावर आलेला. बांध झाला नाही तर पाणी वाहून जाणार, आणि पुढच्या उन्हाळ्यात गाव उठणार.

हा घोळ केला कुणी? दिवाण रंगोपंतांनी. दुसरं कोण करणार!

निंबाळ परगणा पूर्वी भाकरीसारखा गोल होता. लोक मडक्यात सुपारी टाकायचे. ज्याच्या मडक्यात सुपाऱ्या जास्त, तो राजाच्या सभेत बसायचा. एकदा दिवाणांचा मेव्हणा गोंदाजी उभा राहिला आणि सपाटून आपटला. अंगात काडीची अक्कल नाही, आपटणारच! मग दिवाणांनी लोडाला टेकून परगण्याची रेघ बदलली. सुपारी न देणारी गावं बाहेर. गोंदाजी परत आपटला. परत रेघ बदलली. नदीपलीकडची सासुरवाडी आत, डोंगरामागचे मामेभाऊ आत. तरीही हा दिवटा पडला, तेव्हा खापरवाडीचेच तुकडे केले. आता कुठं एकदाचा निवडून आला! तोवर परगणा चाकाखाली सापडलेल्या सरड्यासारखा दिसायला लागला होता.

खापरवाडीत ठकू नावाची विधवा बाई टोपल्या विणून पोट भरायची. ती उठली आणि थेट दरबारात गेली.

"महाराज, आमचं गाव एका परगण्यात घाला. बांध बांधायला कुणीतरी धनी पाहिजे."

रुद्राजी महाराज म्हणजे हट्टाचा पुतळा. म्हणाले, "दरबारानं मारलेली रेघ पुसत नसतात!"

"वाकडी असली तरी?"

दिवाण फिसकन हसले. "महाराज, टोपल्या विणणारीला परगण्यातलं काय कळतंय?"

"काही कळत नाही बघा," ठकू म्हणाली. "पण असली वाकडी टोपली मी बाजारात नेली, तर लोक माझ्याच डोक्यात घालतील!"

"जीभ फार चालते गं तुझी!" महाराज गरजले. "ऐक. दिवाणांनी स्वतः हात जोडून सांगितलं, 'महाराज, ही रेघ पुसा', तर पुसतो. त्यांना कुणी बोट लावायचं नाही, धाक घालायचा नाही. आणि जमलं नाही, तर हे गाऱ्हाणं पुन्हा इथं आणायचं नाही!"

दरबार खो खो हसला. हसणाऱ्यांचं काय जातंय! ठकू मात्र दिवाणांच्या पायांकडे बघत होती. लोण्यासारखे मऊ पाय, आणि समोर काढून ठेवलेले जरीचे जोडे.

"बरं महाराज," ती म्हणाली. "मग गोंदाजीराव शीव कधी फिरणार? मला पाटी विणायला घ्यायला पाहिजे."

"कसली पाटी?"

"नैवेद्याची! थोरल्या महाराजांच्या वेळी माझी सासू विणायची. नवा सभासद सभेत बसायच्या आधी परगण्याची शीव अनवाणी फिरायचा. शीव आखणारा नारळांची पाटी डोक्यावर घेऊन पुढं चालायचा. रेघ जाईल तसं जायचं. वळसा घेतला तर शीवदेव कोपतो."

"आमच्या आबासाहेबांची रीत?" महाराज ताडकन उठले. "बंद केली कुणी?"

दिवाणांना एकाएकी खोकला आला.

ठरल्या दिवशी शिवेच्या पहिल्या दगडापाशी दिवाणांनी जोडे काढले. ठकूनं पाटी चांगली ऐसपैस विणली होती, आणि गावानं ती नारळांनी काठोकाठ भरली होती. पुढं दिवाण, मागं गोंदाजी, बाजूनं घोड्यावर महाराज, आणि सगळ्यांमागं ठकू.

लगेच निवडुंग लागला. "जरा कडेनं जाऊ," दिवाण म्हणाले.

"रेघ मधून जाते ना? मग मधूनच!"

काट्यातून बाहेर पडतात तोच रेघ डोंगराकडे वळली.

"इथं अशी का वळली हो?" महाराजांनी विचारलं.

ठकू म्हणाली, "वर गोंदाजीरावांचे मामेभाऊ राहतात, महाराज. रेघ त्यांना आणायला गेली होती."

महाराजांची मिशी हलली.

डोंगर चढून उतरले, तर रेघ एका स्वयंपाकघरात शिरली. धाकट्या भावानं सुपारी दिली होती, थोरल्यानं दिली नव्हती, म्हणून घराचे दोन भाग! तिथली म्हातारी उलथनं घेऊन उभी. "चुलीला पाय लागला तर बघ रे मुडद्या! दिवाण असशील तुझ्या घरी!"

पुढं शेणाचा उकिरडा आला. गोंदाजी गुडघ्यापर्यंत रुतला आणि रडकुंडीला आला. "दाजी, मला नको ती सभा! मी घरी जातो!" आणि खरंच पळाला.

"सभासद नसला तरी चालेल," महाराज म्हणाले. "रेघ तुमची आहे. चला!"

दिवाण लंगडत खापरवाडीच्या विहिरीपाशी पोचले आणि थबकले. रेघ बरोबर विहिरीच्या मधून गेली होती.

"थांबलात का?" महाराजांनी विचारलं. "उतरा की!"

दिवाणांनी आत वाकून पाहिलं. पाटी धाडकन खाली आली, नारळ चहूकडे गडगडले. "महाराज, हात जोडतो! ही रेघ पुसा हो, पुसा!"

महाराजांना हसू आवरेना. खोगिराला धरून हसले. "पुसली! परगणा पूर्वीसारखा गोल, खापरवाडी त्यात अख्खी. आणि दिवाण, पावसाआधी तो बांध तुम्ही उभं राहून बांधून घ्यायचा! ठकू, हे हात जोडतील हे तुला कळलं कसं?"

"त्यांनी रेघ बोटानं मारली होती, महाराज. मी पायांनी गिरवायला लावली!"

"शाबास! माग, काय मागतेस ते!"

"पहिल्या दगडापाशी ठेवलेले ते जरीचे जोडे द्या."

"दिवाणांचे? अगं, तुझ्या पायाला कसे बसतील?"

"घालायला नकोत. दाराच्या चौकटीवर टांगून ठेवते. पुन्हा कधी रेघ बदलावीशी वाटली, तर दिवाणजी अनवाणी येऊन मागून नेतील!"

महाराज असे हसले की घोडा बुजला. ठकूला जोडे मिळाले, वर साडीचोळी आणि सोन्याचं कडं. दिवाण मात्र अनवाणीच घरी गेले, दर दोन पावलांवर बसून काटे काढत.