सोंगाड्या व्हायला निघालेले शास्त्रीबुवा

"म्हणजे गुरुजी, आपण खरोखरच तमाशात जाणार?"

मोरेश्वरानं हे विचारलं, तेव्हा धुंडिराजशास्त्री खलबत्त्यात विडा कुटत बसले होते.

"जाणार तर! सोंगाड्या होणार. फडाच्या मालकाशी बोलणंसुद्धा झालंय."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, बुवा, तोंडात दात नाहीत ना? मग निम्मं काम झालंच."

ओसरीवर बसलेले आम्ही विद्यार्थी खो खो हसलो. मोरेश्वर हसला नाही.

न्यायशास्त्र शिकवण्यात शास्त्रीबुवांची सगळी हयात गेली होती. त्यांच्यासारखा तर्क करणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि त्यांच्यासारखा थट्टेखोरही नव्हता. आमचा फार जीव होता त्यांच्यावर. आता मात्र डोळे अधू झाले होते, पाठशाळा कुणाच्या तरी हाती सोपवायची होती. आमच्यात मोरेश्वर सर्वांत हुशार, पण आमची शंका पुरती ऐकून घेणं त्याला कधी जमलं नाही. गादी आपल्यालाच मिळणार, हे तो धरून चालला होता. पण गुरूच गादी सोडून तमाशात गेला, तर त्या गादीला मान काय उरणार?

"लोक हसतील, गुरुजी."

"हसायलाच हवेत. नाही हसले तर मालक मला हाकलून देईल."

"पण आपण तत्त्वज्ञ..."

शास्त्रीबुवांनी बत्ता खाली ठेवला.

"अरे, आयुष्यभर मी समजावून सांगत आलो आणि लोक माना डोलवत आले. त्यांना समजलं की नाही, देव जाणे. मान खोटी डोलवता येते. खोटं हसणारा मात्र लगेच पकडला जातो."

मोरेश्वर हळूच म्हणाला, "आणि पाठशाळा...?"

"ती तुलाच. फक्त एक पूर्वपक्ष मांडून दाखव."

वादाची आमची रीत अशी, की समोरच्याचं म्हणणं खोडण्याआधी ते आपणच मांडायचं. तेही इतकं नेमकं, की ऐकून त्यानं म्हणावं, 'अगदी हेच.' याला पूर्वपक्ष म्हणतात. यात मोरेश्वराचा हात धरणारा कोणी नव्हता.

"कुणाचा मांडू?"

"माझाच. मी तमाशात का जावं, ते सांग."

मोरेश्वरानं घसा खाकरला, उपरणं सावरलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली. प्रमाणं, दृष्टांत, आक्षेप, सगळं बिनचूक.

"झालं?"

"झालं."

"यात मी कुठे आहे रे?"

मोरेश्वरानं डोळे उघडून गुरुजींकडे पाहिलं.

"बरं. आता मी तुझा मांडतो."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. घसा खाकरला. खांद्यावर नसलेलं उपरणं सावरलं. डोळे मिटून ओसरीच्या खांबाला म्हणाला, "विचार, काय शंका आहे तुझी?"

आणि खांबाला तोंड उघडायची सवड न देता गरजला, "चूक!"

आम्हाला हसू फुटलं. मग मोरेश्वराकडे लक्ष गेलं आणि सगळे चिडीचूप झालो.

त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. मान खाली गेली होती. खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं, रडतोय.

पण मोरेश्वर हसत होता. जन्मात पहिल्यांदाच हसत असल्यासारखा, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगदी हेच, गुरुजी..." तो कसाबसा म्हणाला. "अगदी हेच."

शास्त्रीबुवा खुंटीपाशी गेले. आपली लाल पगडी काढली आणि सर्वांदेखत मोरेश्वराच्या डोक्यावर ठेवली.

गुरूचं डोकं मोठं. पगडी घसरली आणि थेट शिष्याच्या नाकावर येऊन बसली. ओसरीवर पुन्हा हसण्याचा स्फोट झाला. मोरेश्वरानं ती नीट करायला घाईघाईनं दोन्ही हात वर नेले.

शास्त्रीबुवांनी त्याचे हात धरले.

"राहू दे तशीच."