धुतलेला बुधला

शेजारच्या दुकानापुढे गिऱ्हाईक थांबलं, की बशीरमियाँ अत्ताराच्या घशाखाली घास उतरत नसे. ते दुकान हमिदाबीचं. दसऱ्याच्या दरबारात सगळ्यांना अत्तर लावायचा मान गावातल्या सर्वांत जुन्या अत्तर-घराण्याला, म्हणजे तिच्या घराण्याला. बशीरमियाँची पेढी तिच्याहून मोठी, पण मान नाही. आणि तेवढंच त्यांना रात्रंदिवस टोचे.

यंदा ते भर दरबारात अत्तर साठवायचा एक चामडी बुधला घेऊन उभे राहिले. “महाराज, हा माझ्या पणजोबांचा. चार पिढ्या आमचा गुलाब यात मुरलाय. जुनं घराणं आमचं!”

हमिदाबी म्हणाली, “हुजूर, यात जरा कढत पाणी ओतायला सांगावं.”

ओतलं. वाफ आली ती कोऱ्या चामड्याची. सरदारांनी शेले नाकाला लावले.

“येताना धुऊन आणलाय!” बशीरमियाँ ओरडले.

“असेल की,” हमिदाबी म्हणाली. “चार पिढ्यांचा गुलाब एका धुण्यात गेला. मग यांचं अत्तर महाराजांच्या हातावर पानविडा येईपर्यंत तरी टिकेल का?”

बुधला खोटा म्हणावं तर घराणं जातं, खरा म्हणावं तर अत्तर. महाराज खो खो हसले आणि मान हमिदाबीकडेच राहिला.

रिवाजाप्रमाणे तिने प्रत्येकाच्या हाताला अत्तर लावलं, बशीरमियाँच्याही. घरी जाऊन त्यांनी तो हात राखेने घासघासून धुतला. मग जेवायला बसले, तर पहिल्याच घासाला हमिदाबीचा गुलाब!