येसूचं तेल

खाडीला पूल नव्हता, त्या काळची ही गोष्ट. येसू अंगणात करंजाच्या शेंगा फोडत बसली होती. दिवस रोजच्यासारखाच होता. होडीवाला बाबल्या निरोप घेऊन आला.

"येसूवैनी, पलीकडे आरेवाडीत तुझ्या बैजाच्या सासरी सगळ्यांच्या डोक्यात खवडे झालेत. पोरीनंच आणले म्हणून तिला गोठ्यात ठेवलंय. आता माहेरी धाडणार, कायमची."

येसूनं करंजेलाचं बुधलं घेतलं, टाकळ्याच्या बियांचं गाठोडं बांधलं आणि होडीत बसली.

सासू दारातच उभी होती. "या विहीणबाई! लेकीनं डोक्यातनं बरं आंदण आणलंन!"

"आंदण आमचं असेल, तर परत न्यायला मीच आल्येय," येसू म्हणाली. "चाळीस दिवस द्या."

घराला मिळून फणी एकच. ती तिनं आधी उकळत्या पाण्यात टाकली. मग बिया आंबट ताकात भिजवून वाटल्या. रोज सकाळी बैजासकट एकेकाला पाटावर बसवायचं, खपल्या धुवायच्या, लेप द्यायचा, वर करंजेल चोळायचं. असं म्हणतात, बुधल्यातलं तेल ओतावं तितकं भरत होतं.

नवव्या दिवशी खाज थांबली. "झालं की बरं!" म्हणत सासूनं लेप धुऊन टाकला. आठवडा गेला नाही तोच तिचं डोकं पुन्हा खपल्यांनी भरलं.

"खाज आधी जाते, रोग मागाहून," येसू म्हणाली आणि तिनं सगळ्यांचे दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले.

मधेच तिच्याही डोक्यात खाज सुटली. तिनं पदर पुढे ओढला. कळलं असतं तर सासू म्हणाली असती, बघा, रोग माहेरचाच.

चाळिसावा दिवस भरला तेव्हा घरातली सगळी डोकी स्वच्छ होती. सासू स्वतः गोठ्यात गेली आणि बैजाला हाताला धरून आत घेऊन आली. येसू होडीकडे निघाली.

होडी सुटली आणि वाऱ्यानं तिचा पदर उडाला. काठावरून बैजानं पाहिलं, आईचं डोकं खवड्यांनी भरलं होतं.

"आये, थांब गो!" बैजा पाण्यात धावली. असं म्हणतात, तिची हाक ऐकून ओहोटी थबकली. होडी थांबली नाही.

त्याच वर्षी थंडीत येसू तापानं गेली.

आजही आरेवाडीत विहीण आली की पाणी विचारण्याआधी तिला पाटावर बसवतात आणि सून आपल्या हातानं तिच्या डोक्यावर करंजेल घालते. येसूचं तेल म्हणतात त्याला. बैजानं पुढे पंचक्रोशीतली शेकडो डोकी धुतली. आईचं धुवायचं राहिलं.