जा, पाणी आण

“मग काय, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधू?” धायगुडे सर चिडून म्हणाले.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. टेकडीवरच्या मठात ते पहिल्यांदाच आले होते, तेही पक्कं उत्तर घेऊनच जायचं असं ठरवून. सोबत मुलगी होती, बारा वर्षांची केतकी.

मठातल्या आक्का शेंगा सोलत होत्या. केतकी शेजारी बसून दाणे खात होती.

“साबणाची जाहिरात असो की सिनेमाचं गाणं, बाईला उघडं करून उभं केल्याशिवाय यांचा माल खपत नाही! आणि मोबाइलवर तर...” सर थांबले. “पूर्वी ही सगळं मला विचारायची. आता मैत्रिणीला विचारते. मैत्रीण मोबाइलला विचारते. पोर लांब चाललीय माझी, आक्का.”

“कॉलेजात सध्या काय शिकवताय, मास्तर?”

“बेडकाचं प्रजनन.”

“लाज नाही वाटत?”

“लाज कसली? शास्त्र आहे ते!”

“भाग्यवान बेडूक.”

केतकी खुदकन हसली. सरांनाही हसू आलं.

“हिने तुम्हाला शेवटचं काय विचारलं होतं?” आक्का म्हणाल्या.

“एका गाण्याचा अर्थ. वेळ आली की सांगेन म्हटलं.”

“सांगा मग आता.”

“इथे? तिच्यासमोर?”

“विचारलं तिनेच होतं ना?”

सर सावरून बसले. “त्या गाण्यात ना... ती जी बाई आहे... तिला...”

सर खाकरले.

केतकी उठली. कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून आणला आणि वडिलांसमोर धरला.

“हे काय गं? कुणी मागितलं पाणी?” आक्कांनी विचारलं.

“बाबा खाकरले ना. घरी टीव्हीवर तसलं काही लागलं की ते खाकरतात आणि म्हणतात, जा, पाणी आण. मी येईपर्यंत चॅनल बदललेलं असतं.”



सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. खाली ठेवला.

“बस इथे,” ते केतकीला म्हणाले. “कोणतं गाणं होतं ते?”

तिने सांगितलं.

सरांनी तोंड उघडलं आणि पुन्हा खाकरले. केतकी सवयीने उठायला लागली. त्यांनी तिचा हात धरला.

“नको जाऊ. सांगतो.”

आणि ते सांगू लागले. अडखळत, पण सांगू लागले. केतकीने मध्येच एक प्रश्न विचारला. मग आणखी एक.

आक्कांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. तांब्या उचलून केतकीच्या हातात दिला.

“तू पी, बाळ. तहान तुला लागली होती.”