लिंपलेला डबा

एका गावात एक भोळा कुंभार होता, गेनू नावाचा. भोळा असं त्याची आई म्हणायची. बायको येसू काय म्हणायची, ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही.

गेनूला टीबी झाला. आरोग्य केंद्रातल्या कुसुमताई म्हणाल्या, या गोळ्या रोज घ्या, खोकला जाईल. दोन महिन्यांत खोकला गेला. गेनूने उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. खोकला गेला, मग गोळ्या कुणासाठी? दिवाळीला खोकला परत आला, तोही रक्त घेऊन. येसूला तेव्हा तिसरा महिना होता. ती घाबरून गेली.

कुसुमताईंनी गेनूला चांगलंच फैलावर घेतलं. छातीतले जंतू सगळे मेले नव्हते, काही दडून बसले होते, गोळी थांबली तसे उठले. "बरं वाटलं तरी सोडायचं नाही," नव्या गोळ्या देत त्या म्हणाल्या.

गेनूने हे मनावर घेतलं. त्याच आठवड्यात आवा पेटवला होता. मडकी भाजून झाली, येसूने जाळ थांबवायला सांगितलं. हा कसला थांबतोय! दोन दिवस लाकडं घालत राहिला. मडकी वाकली, एकमेकांना चिकटली, सगळ्याचं एक ढेकूळ झालं. येसूने कपाळाला हात लावला. काम झालं की थांबायचं असतं, एवढंही कळत नाही का, असं तिने विचारलं.

गेनूला तेही पटलं. पुढच्या महिन्यात त्याच्या अंगावर मांस चढलं. म्हणजे काम झालं. गोळ्या बंद. महिन्याभरात खोकला पुन्हा दारात हजर. देवाने अक्कल वाटली तेव्हा हा माती मळत बसला असणार, दुसरं काय!

कुसुमताईंनी थुंकी परत तपासली आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांचा अख्खा डबा हातात दिला. शिवाय बजावलं, की बाळ घरात येण्याआधी थुंकी स्वच्छ झाली पाहिजे, आणि घर कोंदट ठेवू नका, वारं खेळू द्या.

वारं खेळू द्या म्हटल्यावर गेनूने घरी येऊन पहिल्यांदा काय उघडलं? धगधगता आवा. गार वाऱ्याने मडकी तडातड फुटली.

येसू माहेरी बाळंतपणाला निघाली होती. ती पिशवी खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"अहो, आतलं पक्कं होईपर्यंत उघडायचं नाही. मध्ये हातसुद्धा लावायचा नाही. कळलं?"

"आत्ता कळलं," गेनू म्हणाला. इतक्या समजुतीने म्हणाला की येसू निवांत मनाने गाडीत बसली.

कुसुमताई दर आठवड्याला दारातून विचारायच्या, डब्याचं नीट चाललंय ना? अगदी नीट, असं तो सांगायचा. खोटं बोलण्याइतकी अक्कल त्याला नव्हतीच.

पाच महिन्यांनी येसू बाळाला घेऊन आली. उंबऱ्यातच थांबली. आत गेनू नव्हता, नुसती हाडं होती, आणि ती खोकत होती.

"गोळ्यांचा डबा कुठाय?" तिने विचारलं.

गेनूने कोनाड्यातून जपून काढून आणला. डब्याला चहूकडून मातीचा जाड लेप, आव्याला लिंपतात तसा. एकही गोळी बाहेर आलेली नव्हती. गेनूने पदराआडचं बाळ लांबूनच पाहिलं आणि हसला. मग मडकं तपासतात तशी डब्यावर टिचकी मारली, कान लावला आणि खोकला आवरत म्हणाला,

"अजून कच्चंच आहे गं. महिनाभर थांब."